प्रजा, नागरिक आणि लाभार्थी

गेल्या काही वर्षांत आपल्या सार्वजनिक व्यवहारात एक शब्द असा काही रुळला आहे की त्याचे नवेपण आता कोणाच्या ध्यानातही येत नाही. तो शब्द म्हणजे ‘लाभार्थी’. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लाभार्थ्यांची यादी लागते, तहसील कचेरीसमोर लाभार्थ्यांची रांग उभी राहते, मंत्र्यांच्या दौऱ्यात लाभार्थ्यांचा मेळावा भरतो. २०१७ च्या नोव्हेंबरात राज्य सरकारने ‘मी लाभार्थी’ या नावाची जाहिरातमोहीमच काढली होती. तिच्यातील माणसे छायाचित्रातून स्वतःची ओळख करून देत होती, आणि ती ओळख शेतकरी, मजूर किंवा गृहिणी म्हणून नव्हे, तर लाभार्थी म्हणून होती. त्या एका मोहिमेविषयी लिहिण्याचे आज प्रयोजन नाही. सरकारे येतात आणि जातात. परंतु ज्या माणसाला सतत एका विशिष्ट नावाने हाक मारली जाते, तो हळूहळू त्या नावाचाच होऊन जातो काय, हा प्रश्न मात्र समाजवादी चळवळीच्या दृष्टीने जिव्हाळ्याचा आहे.

माणूस स्वतःविषयी काय समजतो हे त्याच्या एकट्याच्या मनात ठरत नाही. इतर लोक त्याच्याशी कसे बोलतात, त्याचे बोलणे कसे ऐकून घेतात, त्याला बसायला सांगतात की उभे ठेवतात, यांतून त्याचे स्वतःविषयीचे चित्र तयार होते. अर्थशास्त्राचा जनक म्हणून ज्याचे नाव आपण घेतो त्या अ‍ॅडम स्मिथने १७५९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या नीतिविषयक ग्रंथात समाजाला आरशाची उपमा दिली आहे. एकाकी वाढलेल्या माणसाला आपल्या चेहऱ्याचे रूप जसे कळणार नाही, तसे आपल्या मनाचे बरेवाईटही कळणार नाही, असे त्याचे म्हणणे. याच स्मिथने १७७६ च्या आपल्या सुप्रसिद्ध ग्रंथात गरजेची व्याख्या करताना तागाच्या सदऱ्याचे उदाहरण घेतले. सदऱ्यावाचून माणूस मरत नाही. पण त्याच्या काळच्या युरोपात बहुतेक ठिकाणी सभ्य मजुराला सदऱ्याशिवाय चारचौघांत जाण्याची लाज वाटत असे, म्हणून सदरा हीदेखील गरजच होय. प्रा. अमर्त्य सेन यांनी हाच धागा पुढे नेला आणि लाज न वाटता लोकांत वावरता येणे ही माणसाची एक मूलभूत क्षमता मानली. तेव्हा स्वप्रतिमेचा प्रश्न हा पोट भरलेल्यांचा मानसशास्त्रीय चाळा आहे, असे समजण्याचे कारण नाही. तो दारिद्र्याच्या प्रश्नाचाच एक भाग आहे.

फिदवी आणि हुजूर

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी मराठवाड्याइतकी बोलकी भूमी दुसरी क्वचितच सापडेल. पैनगंगेच्या अलीकडे हदगाव आणि पलीकडे उमरखेड. नदी एकच, काळी माती एकच, कापूस एकच, सोयरिकीही दोन्ही काठांवर. पण १९४७ पर्यंत पलीकडचा माणूस वऱ्हाडचा, म्हणजे इंग्रजी अंमलाखालचा, आणि अलीकडचा १९४८ पर्यंत निजामाची रयत. निजामी राज्यात १८८० च्या दशकात दरबारी भाषा म्हणून फारसीची जागा उर्दूने घेतली. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले तेही उर्दू माध्यमाचे. संस्थानात तेलुगू बोलणारे जवळजवळ निम्मे, मराठी बोलणारे सुमारे चौथाई आणि कन्नड बोलणारेही पुष्कळ. पण कचेरीत, कोर्टात आणि वरच्या शिक्षणात या तिन्ही भाषांना उंबऱ्याबाहेरच थांबावे लागे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. दोष उर्दू भाषेचा नव्हता. नांदेडच्या बाजारपेठेत आणि मोंढ्यात दखनी आणि मराठी पिढ्यान् पिढ्या गळ्यात गळा घालून नांदल्या आहेत. दोष होता तो लोकांची भाषा लोकांच्या कारभारातून हद्दपार करणाऱ्या राज्यव्यवस्थेचा. शेतकऱ्याला आपल्याच शेताविषयीची तक्रार दुसऱ्याकडून लिहवून घ्यावी लागे. त्या अर्जात तो स्वतःला ‘फिदवी’ म्हणवून घेई, म्हणजे जीव ओवाळून टाकणारा सेवक. समोरचा असे ‘हुजूर’. अर्जात काय लिहिले आहे हे त्याला वाचता येत नसे, पण अर्ज देताना कमरेत किती वाकावयाचे हे मात्र ठाऊक असे. ज्याला आपले गाऱ्हाणे आपल्या शब्दांत मांडता येत नाही, त्याला ते गाऱ्हाणे न्याय्य आहे याचीही खात्री राहत नाही. सभा भरवावयाची तर गश्ती क्रमांक ५३ अन्वये परवानगी लागे. म्हणजे अर्जात बोलावयाचे ते दुसऱ्याच्या भाषेत, आणि चारचौघांत बोलावयाचे ते सरकारच्या मर्जीने. प्रजा घडविण्याचा याहून पक्का कारखाना कोणता असेल?

म्हणूनच हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात भाषेच्या आणि अभिव्यक्तीच्या लढ्याला इतके मोल आहे. स्वामी रामानंद तीर्थ सत्याग्रहाच्या आघाडीवर येण्यापूर्वी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिक्षक होते, हा योगायोग नव्हे. १९३८ साली उस्मानियाच्या वसतिगृहांतील विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरला तेव्हा त्यांना विद्यापीठ सोडावे लागले. त्यांपैकी अनेकांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. त्याच वर्षी आ. कृ. वाघमारे यांनी ‘मराठवाडा’ हे पत्र सुरू केले आणि निजामी सरकारने त्यावर बंदी आणली. एका पत्राच्या शीर्षकाला सरकारने इतके भ्यावे, याचे कारण उघड होते. त्या शीर्षकाने रयतेला तिचे स्वतःचे नाव दिले होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान संपले आणि २६ जानेवारी १९५० रोजी हदगावचा शेतकरी कायद्याच्या दृष्टीने नागरिक झाला. परंतु कायद्याने नागरिक होणे आणि मनाने नागरिक होणे यांत अंतर असते. ते अंतर कापण्याचा रस्ता दुसऱ्या एका लढ्याने आधीच दाखवून दिला होता.

‘मूकनायक’ ते ‘प्रबुद्ध भारत’

जातिव्यवस्थेने तर माणसाच्या नमस्कारालाही पायऱ्या लावल्या होत्या. जुन्या पत्रांचे मायने पाहावेत. वरच्याला ‘साष्टांग दंडवत’, बरोबरीच्याला ‘नमस्कार’, खालच्याला ‘आशीर्वाद’. महाराने करावयाचा तो जोहार. बोलण्याच्या पहिल्याच शब्दात दोघांची पातळी ठरून जाई. मग उरलेल्या बोलण्यात ती बदलण्याची सोयच नसे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे मर्म अचूक ओळखले होते. ३१ जानेवारी १९२० रोजी त्यांनी पहिले पत्र काढले त्याचे नाव ‘मूकनायक’. १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’ निघाले, १९३० मध्ये ‘जनता’ आणि १९५६ मध्ये ‘प्रबुद्ध भारत’. ही चार नावे एका ओळीत मांडून पाहावीत. मुका, मग बहिष्कृत, मग जनता आणि शेवटी प्रबुद्ध. छत्तीस वर्षांत एका समाजाने स्वतःकडे पाहण्याची आपली दृष्टी कशी बदलली याचा हा चार शब्दांतील इतिहास आहे. पहिल्या दोन नावांत दुसऱ्यांनी केलेल्या अन्यायाची नोंद आहे. शेवटच्या दोन नावांत आपण कोण आहोत याची घोषणा आहे. गांधीजींनी ‘हरिजन’ हा शब्द मोठ्या ममतेने दिला, त्यामागील त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. तरीही तो ज्यांच्यासाठी होता त्यांनी तो नाकारला आणि स्वतःला ‘दलित’ म्हणवून घेतले. वरून आलेली ममता माणसाला लहान मूल करते. स्वतः निवडलेले नाव, ते कितीही कडवट असो, त्याला प्रौढ करते.

जोहाराच्या जागी ‘जय भीम’ आला तो याच क्रमाने. या अभिवादनाचे श्रेय कामठीचे बाबू हरदास यांच्याकडे जाते. त्यातील क्रांती अशी की ‘जय भीम’ उच्चारणारे दोघेही एकाच पातळीवर उभे असतात. त्यात वरचा-खालचा नाही. खेड्यातल्या सवर्णांना हे दोन शब्द इतके का झोंबले याचा उलगडा येथेच होतो. वाकलेला कणा ताठ झाला की ज्याच्यापुढे तो वाकत असे त्याला आपली उंची कमी झाल्यासारखे वाटते. १९७८ च्या जुलैत विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला आणि नांदेड-परभणीकडच्या खेड्यांत दलितांची घरे जळाली. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला, तेव्हा साडेपंधरा वर्षे उलटून गेली होती. एका नावासाठी इतकी किंमत मोजावी लागली यातच नावाचे सामर्थ्य सिद्ध होते. ‘शब्दांनी काय होते, भाकरीचे बोला’ असे ज्यांना वाटते त्यांनी त्या जळालेल्या घरांचे स्मरण करावे. शब्दांनी काही होत नसते तर ती जाळण्याची गरज कोणाला पडली नसती.

काम मागणारा माणूस

स्वतंत्र महाराष्ट्रातही एक प्रसंग असा आला की ज्या वेळी सरकार आणि गरीब माणूस यांच्यातील बोलण्याची तऱ्हाच बदलली. १९७२ चा दुष्काळ मराठवाड्यातल्या वृद्धांच्या आठवणीत अजून ताजा आहे. १९७३ च्या मे महिन्यात राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे राबत होती. खडी फोडणाऱ्या बायांनी त्या कामांवर मजुरीसाठी, पाण्यासाठी, पाळणाघरासाठी मोर्चे काढले, आणि डाव्या व समाजवादी कार्यकर्त्यांनी त्यांना साथ दिली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेल्या रोजगार हमी योजनेचे पुढे १९७७ साली कायद्यात रूपांतर झाले आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाहीतर बेकारभत्ता. आणि स्त्री-पुरुषांना समान दराने मजुरी. शहरातल्या पगारदाराने व्यवसायकर भरावयाचा आणि खेड्यातल्या मजुराने काम मागावयाचे, अशी ती सांगड होती. केंद्राने २००५ साली देशासाठी कायदा केला तो महाराष्ट्राचा हाच अनुभव जमेस धरून.

अर्थशास्त्राच्या पुस्तकांत या योजनेचा हिशेब मनुष्यदिवसांत आणि रस्त्यांच्या लांबीत मांडला जातो. तो हिशेब आवश्यकच आहे, आणि त्यातील गळतीही लपवून ठेवण्याजोगी नाही. खोटे हजेरीपट भरले गेले, गुत्तेदारांनी आणि मुकादमांनी आपली पोटे भरली. पण एका गोष्टीची नोंद कोणत्याच हजेरीपटात झाली नाही. ‘साहेब, काहीतरी द्या’ असे म्हणणारी बाई ‘आम्ही पन्नास जणींनी काम मागितलेय, पंधरा दिवस झाले, काम काढा’ असे म्हणू लागली. पहिल्या वाक्यात याचना आहे, दुसऱ्यात तारीख आहे. कायद्याने तिच्या हाती जे दिले त्यात मजुरीइतकेच महत्त्वाचे असे एक वाक्य होते, आणि ते वाक्य बोलताना तिला पदर पसरावा लागत नव्हता. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यानेही असेच केले. माहिती कशासाठी हवी याचे कारण अर्जदाराला विचारता येत नाही, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. ‘तुला काय करायचे आहे?’ हा कचेरीतला शतकांचा जुना प्रश्न त्या कलमाने बेकायदा ठरविला.

रेषेखालचे आणि ग्रस्त

दुर्दैव असे की याच काळात उलट दिशेचा प्रवाहही वाहत होता. प्रा. वि. म. दांडेकर आणि प्रा. नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्याचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात दारिद्र्याची रेषा हे मोजमापाचे साधन होते. किती लोक या रेषेखाली आहेत हे सांगून राज्यकर्त्यांना जाब विचारावा, हा त्यामागचा हेतू. म्हणजे ती रेषा सरकारची परीक्षा घेण्यासाठी आखली होती. पुढे तिने गरिबाचीच परीक्षा घ्यावयास प्रारंभ केला. १९९७ मध्ये रेशनव्यवस्था ‘लक्ष्याधारित’ झाली आणि १९९९ पासून महाराष्ट्रात पिवळी, केशरी आणि पांढरी अशा तीन रंगांची शिधापत्रिका आली. मग आपल्या खेड्यापाड्यांतला माणूस आपली ओळख ‘आमचं पिवळं कार्ड हाय’ अशी देऊ लागला. राजस्थानातील दौसा जिल्ह्यात २०१७ साली तर स्वस्त धान्य घेणाऱ्यांच्या घरांच्या भिंतींवर आपण गरीब असल्याची जाहीर कबुलीच रंगविण्यात आली. मूठभर गव्हासाठी घराच्या दर्शनी भिंतीवर आपली गरिबी गोंदवून घ्यावी लागते, तेथे स्मिथच्या मजुराच्या अंगावरचा सदराच उतरवून घेतला जातो.

आपल्या सरकारी मराठीत ‘ग्रस्त’ हा एक प्रत्यय आहे. दुष्काळग्रस्त, धरणग्रस्त, प्रकल्पग्रस्त, गारपीटग्रस्त, अतिवृष्टीग्रस्त; आणि १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटेनंतर किल्लारीकडच्या गावांत भूकंपग्रस्त. आपत्ती येते तेव्हा मदत मिळालीच पाहिजे आणि मदतीसाठी नोंद लागते, हे मान्य. पण मराठवाड्यातला माणूस एका आयुष्यात यांपैकी तीन-चार दाखले गोळा करतो, आणि मग प्रत्येक कचेरीत तो सुतार, शेतकरी किंवा शिक्षक म्हणून न जाता ‘ग्रस्त’ म्हणून जातो. या भाषेचे क्रौर्य पुरते पाहावयाचे असेल तर शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची सरकारी वर्गवारी पाहावी. एक लाख रुपयांच्या मदतीसाठी आत्महत्या ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे समिती ठरविते. कुंकू पुसले गेलेल्या बाईला सातबारा, बँकेचे कर्ज आणि वसुलीचा तगादा यांचे कागद जोडून आपल्या नवऱ्याचे मरण पात्र होते हे सिद्ध करावे लागते. ‘पात्र आत्महत्या’ हा शब्दप्रयोग ज्या भाषेत सहजपणे लिहिला जातो, त्या भाषेत माणसाची किंमत काय ठरली असेल?

व्यक्तीला लागू ते प्रदेशालाही लागू. १९८४ साली दांडेकर समितीने विभागवार अनुशेषाचा आकडा काढला. राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये आणि त्यात मराठवाड्याचा सुमारे ७५१ कोटी. आकडे काढणे न्याय्य आणि आवश्यक होते. १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली ती त्याच मागणीतून, आणि २०२० च्या एप्रिलअखेर त्यांची मुदत संपली तेव्हा ती चालू राहावीत ही मागणीही न्याय्यच होती. परंतु अनुशेष हा सरकारने देणे असलेल्या बाकीचा हिशेब आहे, तो मराठवाड्याच्या माणसाचा गुणविशेष नव्हे. प्राध्यापकीच्या अनेक वर्षांत मी तोंडी परीक्षेला बसलेल्या मुलांना प्रश्न ऐकण्यापूर्वीच ‘सर, आम्ही मराठवाड्याचे’ अशी प्रस्तावना करताना पाहिले आहे. हीच मुले पुण्याला स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी जातात आणि महिन्याभरात ‘जायलो’, ‘करायलो’ ही आपल्या आईची क्रियापदे गिळून टाकतात. प्रमाणभाषा शिकावी, तिच्यावाचून चालत नाही. पण ती आपल्या बोलीत आणखी एक भर म्हणून शिकावी, बोलीचे पाप धुऊन काढण्यासाठी नव्हे. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले. देशभरच्या कॅमेऱ्यांनी लातूर पाहिले ते कोरड्या घागरीच्या रूपात. तो दुष्काळ खरा होता. पण त्याच पाण्याच्या खोऱ्यात ऊस किती लावला गेला, कारखाने कोणाचे आणि विंधनविहिरी कोणाच्या, हे विचारावयास किती कॅमेरे थांबले? घागर दाखविली की दया येते. उसाचा हिशेब मागितला की राजकारण होते. दयेचे चित्र वारंवार पाहून माणूस स्वतःही आपल्याकडे दयेने पाहू लागतो.

माफी कोणाला, प्रोत्साहन कोणाला?

आता या शब्दांमागील अर्थकारणाकडे पाहू. सरकारी तिजोरीतून पैसा सर्वांनाच मिळतो, परंतु सर्वांना एकच नाव मिळत नाही. उद्योगपतीला करात सूट, स्वस्त जमीन आणि स्वस्त वीज मिळाली की ते ‘प्रोत्साहन’ असते. त्याचे थकलेले कर्ज बँकेने वहीतून काढून टाकले की ते ‘निर्लेखन’, हप्ते लांबविले की ‘पुनर्रचना’. शेतकऱ्याचे कर्ज सोडले की मात्र ती ‘माफी’. माफी अपराध्याला देतात. शेतमालाचे भाव पाडणारी धोरणे सरकारची, निर्यातबंदी सरकारची, आणि माफी मागावयाची शेतकऱ्याने! शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेशी समाजवाद्यांचे मतभेद अनेक होते आणि आहेत, पण ‘कर्जमाफी’ नव्हे ‘कर्जमुक्ती’ हा तिचा आग्रह शंभर टक्के योग्य होता. २०१९ च्या राज्य सरकारच्या योजनेच्या नावात ‘कर्जमुक्ती’ हा शब्द आला, तो त्या दीर्घ आग्रहानंतर.

दुसरे असे की लाभ हा शब्द दात्याची कल्पना गृहीत धरतो. दाता कोण? जाहिरातीवर ज्याचे छायाचित्र असते तो काय? साबण, तेल, चहा आणि चपला विकत घेणारी मजूर बाई प्रत्येक खरेदीत अप्रत्यक्ष कर भरीत असते. प्राप्तिकर भरणाऱ्यालाच आपण करदाता म्हणतो, हीदेखील भाषेची एक लबाडी आहे. सर्वांच्या पैशातून, सर्वांच्या प्रतिनिधींनी मंजूर केलेली रक्कम एखाद्या नागरिकाला मिळते तेव्हा ती त्याच्या वाट्याची असते. वाटा घेणाऱ्याला आपण ‘वाटेकरी’ म्हणतो. भाऊबंदकीत कोणी आपल्या वाट्याबद्दल भावाचे आभार मानून त्याचे छायाचित्र भिंतीवर लावीत नाही.

२०२४ च्या जुलैपासून ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना सुरू झाली. २१ ते ६५ वयाच्या आणि अडीच लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या स्त्रियांना दरमहा १,५०० रुपये. या रकमेला नाक मुरडण्याचा अधिकार सुखवस्तूंना नाही. नवऱ्याच्या खात्यात न जाता बाईच्या स्वतःच्या खात्यात आलेला पैसा घरातील तिच्या शब्दाचे वजन वाढवितो, हे अर्थशास्त्राला माहीत आहे आणि बायांनाही. माझा आक्षेप रकमेला नाही, हाकेला आहे. भाऊ बहिणीला ओवाळणी घालतो ती त्याच्या मर्जीने. ओवाळणीची रक्कम बहीण ठरवीत नाही, उशीर झाला तर कोर्टात जात नाही. आणि ‘लाडकी’ म्हटले की नावडतीची शक्यता आपोआप येते. निवडणुकीचा हंगाम सरल्यावर अर्जांची छाननी सुरू झाली, त्या वेळी कालच्या कित्येक लाडक्या बहिणी एका फटक्यात ‘अपात्र’ झाल्या. नात्याची भाषा देताना वापरावयाची आणि कचेरीची भाषा काढून घेताना, असा हा दुहेरी व्यवहार आहे. हेच १,५०० रुपये ‘स्त्रियांच्या विनामोल श्रमाबद्दलचे मानधन’ म्हणून कायद्याने दिले असते, तर घेणारीच्या मनातले स्वतःचे चित्र वेगळे झाले असते आणि देणाऱ्याला मत मागताना एवढा मोठा हात पसरता आला नसता.

शब्द बदलल्याने सर्व काही बदलते असा भाबडा समज मात्र नसावा. ‘अपंग’ जाऊन ‘दिव्यांग’ आले, पण कचेऱ्यांच्या पायऱ्या होत्या तेथेच आहेत. दरवर्षी ‘बळीराजा’ आणि ‘अन्नदाता’ म्हणून शेतकऱ्याची आरती होते आणि सोयाबीन हमीभावाच्या खाली विकले जाते. वरून आलेला गौरवाचा शब्द बहुधा द्यावयाच्या वस्तूऐवजी दिला जातो. ज्या शब्दामागे कायद्याचे कलम आहे, किंवा ज्या शब्दासाठी लोक स्वतः लढले आहेत, तोच शब्द माणसाला उभा करतो. ‘जय भीम’ मागे लढा होता, रोजगार हमीतल्या ‘मागणी’मागे कलम होते. ‘लाडकी’मागे दोन्ही नाहीत.

कार्यकर्त्यांपुढील काम

या विवेचनातून कार्यकर्त्यांनी काय घ्यावे? पहिली गोष्ट, लोकांची कामे करून देणारा मध्यस्थ होण्याचा मोह टाळावा. तालुक्याच्या गावी ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या दुकानांपुढे आज जी गर्दी असते ती पाहिली की जुना अर्जनवीस आठवतो. पूर्वी भाषा परकी होती, आता यंत्राचा पडदा परका आहे. अंगठा तेव्हाही उमटत होता, आताही उमटतो. अशा वेळी अर्ज भरून देणे हे उपकारकच, पण अर्जात काय लिहिले आहे ते मोठ्याने वाचून दाखविणे आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी न सोडण्यास शिकविणे, हे अधिक मोलाचे. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. कोणता दाखला किती दिवसांत मिळावा हे त्यानुसार जाहीर करावे लागते. हा तक्ता किती गावांत लोकांनी वाचला आहे?

दुसरी गोष्ट, ग्रामसभा. तेथे बाया मागे बसतात आणि बोलणारे चार-पाच ठरलेले असतात. जो आपल्या गावच्या सभेत ‘मी म्हणते’ असे म्हणू शकला नाही, तो तालुक्याच्या मोर्चात दुसऱ्याने दिलेली घोषणाच देणार. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, या दिवसांच्या ग्रामसभांत योजनांच्या याद्या मोठ्याने वाचल्या जाव्यात आणि ज्याचे नाव आहे व ज्याचे सुटले आहे त्याने आपल्या बोलीत उठून बोलावे, एवढा आग्रह जरी धरला तरी पुष्कळ होईल. त्या बोलण्यातील ‘हाव’ आणि ‘नाव’ दुरुस्त करीत बसू नये.

तिसरी गोष्ट चळवळीच्या स्वतःच्या भाषेची. ‘शोषित’, ‘पीडित’, ‘वंचित’, ‘दुर्बल घटक’ हे शब्द विश्लेषणासाठी लागतात. त्यांच्यावाचून अन्यायाचे शास्त्र सांगता येणार नाही. परंतु व्यासपीठावरून समोरच्या माणसाला त्याच नावाने हाक मारली की त्याला आपल्या सोसण्याची ओळख पटते, सामर्थ्याची पटत नाही. गायरान कसणाऱ्या भूमिहीनाला सरकारी दप्तर ‘अतिक्रमणधारक’ म्हणते. त्याला ‘बिचारा’ म्हणून त्या दप्तराला उत्तर मिळत नाही. १९५९ आणि १९६४ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांत दादासाहेब गायकवाडांनी त्याला जमिनीचा हक्कदार म्हणून उभे केले, ते उत्तर होते. महात्मा फुले १८८८ साली पुण्याला ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या मेजवानीस शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि या देशाची खरी रयत अशी दिसते, असे त्यांनी राजपुत्राला ऐकविले. डॉ. आंबेडकर आयुष्यभर उत्तम शिवलेल्या कोट-पाटलोणीत वावरले. एकाने नाकारलेल्यांचा वेष दरबारात नेला, दुसऱ्याने दरबाराचा वेष नाकारलेल्यांपर्यंत आणला. मार्ग उलट, आशय एक. मी कसा दिसावे आणि काय म्हणवून घ्यावे हे ठरविण्याचा अधिकार माझा, तुमचा नव्हे.

पैनगंगेच्या या काठावरच्या माणसाने एका आयुष्यात ‘फिदवी’पासून ‘नागरिका’पर्यंतचा पल्ला गाठला. तो पल्ला त्याला कोणी ओवाळणीत घातला नव्हता. तुरुंग, लाठी आणि जळालेली घरे हे त्याचे मोल होते. आता त्याचे नातू ‘लाभार्थी’ होऊन पुन्हा हुजुरांच्या दारी उभे राहत असतील, तर केवळ शब्दकोश बदलला असे म्हणून स्वस्थ बसता येणार नाही. येत्या ग्रामसभेत लाभार्थ्यांची यादी वाचली जाईल तेव्हा एखाद्या तरी कार्यकर्त्याने उठून तिचे शीर्षक बदलण्याचा ठराव मांडावा. ‘लाभार्थ्यांची यादी’ खोडून ‘हक्कदार नागरिकांची यादी’ असे लिहावे, आणि त्या शीर्षकाखाली प्रत्येक योजनेचा कायदा किंवा शासननिर्णय कोणता, रक्कम किती आणि ती कोणत्या तारखेपर्यंत मिळावयास हवी हेही लिहून घ्यावे. ठरावाला विरोध कोण करतो हे पाहिले म्हणजे गावात अजून हुजूर कोण शिल्लक आहे तेही कळेल.